वंडर वूमनला फुल पँट मिळाली आणि भांडण पेटलं

2010 च्या जूनच्या शेवटाला डीसी कॉमिक्स या अमेरिकी कंपनीने जाहीर केलं की त्यांची सुपरहिरोइन वंडर वूमन हिचा ड्रेस बदलतोय. ताऱ्यांची निळी चड्डी गेली आणि काळी फुल पँट आली, वर लाल टॉप, त्यावर एक आखूड निळं जॅकेट, कमरेची जादूची दोरी मात्र तशीच. डिझाइन जिम लीचं, गोष्ट जे. मायकल स्ट्रॅझिन्स्कीची, आणि बातमी थेट न्यूयॉर्क टाइम्समध्ये. बस, एवढंच झालं होतं. एका काल्पनिक बाईने पँट घातली होती आणि लोक एकमेकांच्या उरावर बसले.

आता आपल्याला वाटणार की यात भांडायचं काय, कपडे वाढलेच ना, कमी तर नाही झाले. बाईचे कपडे कमी झाले की ओरडा होतो हे आपण लहानपणापासून बघतोय, पण वाढले म्हणून ओरडा? आणि ओरडणारे फक्त चवीने चित्रं बघणारे बाप्ये असते तर एका वाक्यात विषय संपला असता. पण त्यात ग्लोरिया स्टायनम होती, अमेरिकेतल्या स्त्रीवादी चळवळीतलं केवढं मोठं नाव. झेंडाप्रेमी लोक होते. कॉसप्ले करणाऱ्या, म्हणजे पात्रांचे ड्रेस स्वतः शिवून घालणाऱ्या मुली होत्या. आणि पँटच्या बाजूने बोलणाऱ्यांतल्याही बऱ्याच जणांना ते जॅकेट बघून हसू येत होतं, नव्वद सालातून कुणीतरी उचलून आणल्यासारखं दिसत होतं ते.

हा गुंता मला जेवढा समजलाय तेवढा सोडवून सांगते. त्यासाठी आधी एक गोष्ट डोक्यात घ्यायला हवी की सुपरहिरोंचे कपडे हे खरं तर कपडे नसतातच.

म्हणजे बघा, चित्रकार आधी उघडं शरीर काढतो, सगळे स्नायू बिनायू दाखवून, मग गळ्याला एक रेघ, मनगटाला एक रेघ, घोट्याला एक रेघ, आणि रंग भरणारा मध्ये निळा लाल भरून टाकतो, झाला ड्रेस. सुरकुत्या नाहीत, शिवण नाही, चेन नाही. 1938 मध्ये सुपरमॅन आला तेव्हा ही पद्धत सर्कशीतल्या पैलवानांकडून उचलली होती, घट्ट कपडे आणि वरून चड्डी, कारण स्वस्त कागदावर चार रंगांत छापायचं तर मोठे भडक पट्टे लागतात, बारीक नक्षी चिखलासारखी दिसते. त्यामुळे "पुरुषसुद्धा घट्टच घालतात की" हा जो युक्तिवाद येतो ना प्रत्येक भांडणात, तो तिथपर्यंत खरा आहे. फक्त पुरुषांना गळ्यापासून घोट्यापर्यंत रंगवलं आणि बायकांना बहुतेक वेळा पोहण्याच्या पोशाखाएवढंच रंगवलं, बाकी अंगाचा रंग तसाच ठेवला. (नेमोर हा अपवाद, तो 1939 पासून चड्डीवरच फिरतोय आणि त्याला कुणी काही म्हणत नाही, पण तो समुद्रात राहतो म्हणून त्याला माफ.)

दुसरं म्हणजे ही पात्रं कुणा एकाची नसतात. मालकी कंपनीची, आणि लेखक चित्रकार येतात जातात, भाड्याच्या घरात भाडेकरू येतात जातात तसे. प्रत्येक भाडेकरू भिंतीला आपला रंग मारतो, कुणी खिळे ठोकतो, कुणी खिडकी मोठी करतो. मग ऐंशी वर्षांनी ही खिडकी एवढी मोठी कुणी केली असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण ती एकाने नाही केली, प्रत्येकाने बोटभर केली.

वंडर वूमनचं नेमकं हेच झालं. ती आली 1941 च्या शेवटाला, विल्यम मौल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने लिहिली आणि एच. जी. पीटर या चित्रकाराने काढली. लाल चोळी, त्यावर सोनेरी गरुड, आणि खाली निळा ताऱ्यांचा स्कर्ट. हो, स्कर्ट, घेरदार. अमेरिका युद्धात पडायच्या बेतात होती, म्हणून झेंड्याचे रंग. मग थोड्याच दिवसांत स्कर्टची ढगळ चड्डी झाली, उड्या मारायला सोयीची, आणि ती चड्डी पुढच्या पन्नास वर्षांत अशी काही आकसत गेली की 1994 च्या सुमारास माइक डिओडॅटोने काढलेली वंडर वूमन बघितली तर मागून जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं. कुणी मीटिंग घेऊन ठरवलं नव्हतं. आकसत गेली.

पण नव्वदमध्येच एवढी का आकसली यालाही कारण आहे आणि ते पैशाचं आहे. आधी अमेरिकेत कॉमिक्स पेपरवाल्याकडे, किराणा दुकानात मिळायची, पोरं पोरी सगळे घ्यायचे. 1970 च्या दशकापासून विक्री हळूहळू कॉमिक्सच्या खास दुकानांकडे सरकली. तिथे दुकानदाराला दोनतीन महिने आधी ऑर्डर द्यावी लागते, न खपलेला माल सहसा परत जात नाही, त्यामुळे तो फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकाला चालेल तेच मागवतो. नेहमीचं गिऱ्हाईक कोण, तर वयाने वाढलेले पुरुष, जमवणारे. मुली त्या दुकानात शिरायच्याच कमी. मग चित्रं कुणासाठी काढणार? आणि हीच आगाऊ ऑर्डरची पद्धत आहे म्हणून नवीन ड्रेसचं नुसतं चित्र आलं की लगेच एवढा आरडाओरडा होतो, अंक यायच्या आधीच, कारण अंक यायच्या आधीच तर त्याचं नशीब ठरतं. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणा वाटतो, की अरे वाचून तरी बघा, पण यांचं मतदान आधी होतं आणि निवडणूक नंतर.

आता मला या सगळ्या विषयातला सगळ्यात आवडता भाग. 2010 ची पँट ही तिची पहिली पँट नव्हतीच.

1968 मध्ये डेनी ओनील आणि माइक सेकॉव्स्की यांनी वंडर वूमनला नवं करायचं ठरवलं. जग बदललंय, बायका बदलल्यात, मग ही जुनाट कशाला. म्हणून तिच्या सगळ्या शक्ती काढून घेतल्या, दोरी गेली, ड्रेस गेला, आणि ती एक साधी बाई झाली जी फॅशनच्या कपड्यांचं दुकान चालवते आणि आय चिंग नावाच्या म्हाताऱ्या गुरूकडून मारामारी शिकते. अंगात काय, तर पांढरे जंपसूट, पँटी, अंगभर कपडे. करणाऱ्यांना अगदी मनापासून वाटत होतं की आपण पुढारलेलं काहीतरी करतोय. आणि स्त्रीवादी बायका भडकल्या. ज्या एका बाईकडे सुपरमॅनच्या तोडीची ताकद होती तिचीच ताकद काढून घेतलीत आणि वर म्हणताय की तिला मॉडर्न केली? 1972 च्या जुलैमध्ये स्टायनमच्या मिझ मासिकाच्या पहिल्या नियमित अंकाच्या कव्हरवर वंडर वूमन आली, राक्षसासारखी मोठी, रस्त्यावरून धावणारी, आणि अंगात जुनाच ड्रेस, चड्डी आणि तारे. 1973 मध्ये डीसीने शक्ती परत दिल्या, ड्रेसही परत दिला.

म्हणजे अंगभर कपडे होते तेव्हा ती दुबळी होती आणि चड्डीवर आली तेव्हा ताकदवान. ही आठवण डोक्यात असलेल्या बाईला तुम्ही 2010 मध्ये सांगताय की बघा आम्ही तिला पँट दिली, आता तिला मान मिळेल. ती काय टाळ्या वाजवणार? स्टायनमचं म्हणणं साधारण असं होतं की पँट घातली तरच माणूस ताकदवान हे कुणी ठरवलं, जाऊन ग्रीक योद्ध्यांना सांगा, सुमो पैलवानांना सांगा. मला हे वाचून पहिल्यांदा नऊवारीच आठवली, काष्टा मारून घोड्यावर बसणाऱ्या बायकांच्या मुलखातून आलेल्या माणसाला पँट म्हणजेच हालचालीची सोय हे पटायला जरा वेळच लागतो.

आता 2010 च्या त्या अंकाकडे येऊ, कारण त्यात अजून एक गंमत आहे जी बातम्यांमध्ये आली नाही फारशी. वंडर वूमनच्या अंकांची मोजणी मध्ये दोनदा नव्याने एकपासून सुरू केली होती. फॅन्सचं म्हणणं, सगळे अंक धरले तर सहाशे होतायत, मग सहाशेवा म्हणून छापा ना, सुपरमॅन बॅटमॅनचा मान आमच्या बाईला का नाही. डीसीचा डॅन डिडिओ म्हणाला सहाशे पोस्टकार्डं पाठवा मग बघू. आणि लोकांनी पाठवली, सहाशेहून जास्त, खरीखुरी, तिकीट लावून. त्यामुळे 44 नंतरचा अंक थेट 600 झाला. म्हणजे हा अंक फॅन्सनी झगडून मिळवलेला होता, तिच्या इतिहासाचा सत्कार म्हणून, आणि नेमक्या त्याच अंकात कंपनीने तिचा इतिहास पुसला, कारण गोष्ट अशी होती की देवांनी काळाची उलथापालथ केलीये, ती जिथली आहे ते फक्त बायकांचं बेट उद्ध्वस्त झालंय, ती लहानपणापासून शहरात अनाथ म्हणून वाढलीये, आणि म्हणून हा रस्त्यावरचा वेश. लग्नात आहेर घेऊन जावं आणि तिथे कळावं की नवरीच बदलली, तसं झालं. पँट हे निमित्त होतं, राग त्याचा होता.

स्ट्रॅझिन्स्कीचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता हं. इतकी वर्षं एकच ड्रेस कोण बाई घालते, असा त्याचा सूर होता. पण मग लोकांनी विचारलं की बॅटमॅन काय दर दिवाळीला नवीन घेतो का? आणि खोच अशी की "हे सुधारलं" असं जाहीर केलं की त्यात "आधीचं चुकीचं होतं" हेही येतं, आणि आधीचं ज्यांना प्रिय होतं त्यांना ते स्वतःला बोलल्यासारखं लागतं. ज्या मुलीने आठव्या वर्षी टॉवेल बांधून गोल गोल फिरून लिंडा कार्टर, म्हणजे टीव्हीवरची जुनी वंडर वूमन, व्हायचा खेळ खेळलाय तिच्यासाठी तो ड्रेस अश्लील कधीच नव्हता, तो फक्त वंडर वूमन होता. उलट जी बाई पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा अंक हातात घेते तिला दिसतं की सगळ्या पुरुषांना पूर्ण कपडे आणि हिलाच का नाही, आणि ती पण खरंच बोलतेय. दोघी बायकाच. दोघी फॅनच. हे भांडण पुरुष विरुद्ध बायका असं लावायला गेलं की ते कधीच नीट बसत नाही.

झेंडावाल्यांचं वेगळंच. त्यांना पँटचं काही नव्हतं, तारे गेले म्हणून दुःख, अमेरिकेचा झेंडा उतरवला म्हणून.

पुढे काय झालं ते अजून विनोदी. स्ट्रॅझिन्स्की मधूनच बाजूला झाला, फिल हेस्टरने ती गोष्ट पुरी केली. मग 2011 मध्ये डीसीने सगळंच नव्याने सुरू करायचं ठरवलं, 52 नवीन मालिका, आणि जूनमध्ये जी पहिली चित्रं दाखवली त्यात वंडर वूमन पँटमध्ये होती. जुलै उजाडेपर्यंत तीच चित्रं परत आली आणि पँट गायब! पाय तसेच, उभं राहणं तसंच, फक्त रंग बदलला. वर म्हटलं ना, कपडे नसतातच, रंग असतो, त्याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही. त्याच वर्षी टीव्हीसाठी पण एक प्रयत्न झाला, एड्रियन पॅलिकीला चकचकीत निळी पँट घातली होती, फोटो बाहेर आल्यावर इतकी टर उडवली लोकांनी की चकाकी कमी करावी लागली, बुटांचा रंग बदलावा लागला, आणि शेवटी चॅनेलने मालिकाच घेतली नाही. पँटमुळे नव्हे अर्थात.

हे सगळं चालू असताना सुपरमॅनचीही चड्डी काढली होती, हे विसरू नका. 2011 लाच. निळ्या कपड्यांवरची ती लाल चड्डी, सत्तर वर्षांची, गेली. त्याच्यावरही फॅन्स कडाकडा भांडले, आणि 2018 च्या एप्रिलमध्ये हजाराव्या अंकात ती सन्मानाने परत आली. पण त्या भांडणात कुणी शालीनतेचा श उच्चारला नाही. चड्डी चांगली दिसते का, रंगाचा तोल जातो का, एवढंच. पुरुषाचा ड्रेस हा डिझाइनचा प्रश्न आणि बाईचा ड्रेस हा संस्काराचा प्रश्न. यावर मी अजून काही बोलत नाही.

बरं, आता समजा तुम्ही म्हणालात की जाऊ दे, सरळ सगळ्यांना गळ्यापासून पायापर्यंत कपडे द्या आणि मिटवा. तर मग 2014 ची स्पायडर वूमन बघा. हिचा लाल पिवळा ड्रेस अंगभरच होता आधीपासून, मान ते पाय. मार्व्हल या डीसीच्या प्रतिस्पर्धी कंपनीने तिची नवी मालिका काढायचं ठरवलं आणि तिच्या एका खास कव्हरसाठी मिलो मनारा या इटालियन चित्रकाराला सांगितलं, जो कामुक चित्रांसाठीच प्रसिद्ध आहे. त्याने तिला इमारतीच्या कडेवर चढताना काढलं, हातापायांवर ओणवी, मागचा भाग वर, आणि ड्रेस असा जणू अंगावर नुसता रंग ओतलाय. एक इंच कातडी जास्त दिसत नव्हती. आणि तरी त्या चित्रावर केवढा तरी गदारोळ झाला. मग मार्व्हलने काय केलं, तर काही महिन्यांनी तिला नवा ड्रेस दिला, क्रिस अँकाने केलेला, मोटारसायकलवाल्या पोरीसारखं जॅकेट, पिवळा गॉगल. ड्रेस झकास आहे, मला मनापासून आवडतो, पण हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तक्रार तिला ज्या कोनातून बघितलं त्याची होती, कापडाची नव्हती.

कोनाचं हे फॅन्सनी आधीच फार मजेशीर दाखवून दिलं होतं. 2012 च्या डिसेंबरात एक खेळ निघाला, बायकांना कव्हरवर ज्या पोझमध्ये काढतात, म्हणजे कंबर अशी पिळलेली की छाती आणि ढुंगण दोन्ही एकदम समोर, नेमक्या त्याच पोझमध्ये हॉकआय या पुरुष हिरोला काढायचं. शेकडो लोकांनी काढलं. बघताक्षणी हसू येतं. एवढे निबंध लिहून जे समजत नव्हतं ते हॉकआयचा पार्श्वभाग बघून समजलं.

जे बदल खरंच टिकले ते बघितले की फरक कळतो. कॅरोल डॅन्व्हर्स, मार्व्हलची, 1977 पासून मिझ मार्व्हल म्हणून तिची स्वतःची मालिका, आधी पोट उघडं टाकणारा ड्रेस, मग 1978 पासून काळा पोहण्याचा पोशाख, कमरेला लाल पट्टा, मांडीपर्यंत बूट. ही बाई गोष्टीत कोण आहे, तर हवाई दलातली अधिकारी. पायलट! 2012 मध्ये लेखिका केली सू डीकॉनिकने तिला कॅप्टन मार्व्हल केलं तेव्हा जेमी मॅकेल्वीकडून ड्रेस करून घेतला, आणि त्याला म्हणे सांगून ठेवलं होतं की कंपनीने पैसे नाही दिले तर मी देईन. निळा लाल, पायलटच्या वर्दीसारखा, छातीवर तारा. तिथे पण कुरकुर झाली, केस कापले म्हणून झाली, "बायकी राहिली नाही" वगैरे, पण वाचक टिकले आणि वाढले, त्यांनी स्वतःला कॅरोल कोर म्हणवून घेतलं, टोप्या विणल्या, आणि 2019 च्या सिनेमात तोच ड्रेस आला. कारण त्या ड्रेसने "आता झाकलं" असं म्हटलंच नाही, त्याने म्हटलं "ही पायलट आहे". बॅटगर्लचं 2014 मध्ये तसंच, बॅब्स टार आणि कॅमेरॉन स्टीवर्टने तिला चामड्याचं जांभळं जॅकेट दिलं, पिवळे बूट, आणि टिच बटणांनी लावलेला केप, म्हणजे कुणी मागून ओढला तर सुटून यावा. कॉलेजातली पोरगी रात्री घरी बसून काय शिवू शकेल ते. माझी ठाण्याची मामेबहीण मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी, म्हणजे कॉमिक्सवाल्यांच्या जत्रेसाठी ड्रेस शिवते, ती म्हणते बॅटगर्ल एका रविवारात होते आणि दिवसभर घालून वडापाव पण खाता येतो, वंडर वूमनच्या बिनपट्ट्याच्या चोळीत मात्र आत काड्या घालाव्या लागतात, अंगाला टेप चिकटवावा लागतो आणि तरी दर पाच मिनिटांनी वर ओढावी लागते. ड्रेस बघणाऱ्याच्या बाजूने डिझाइन केलाय की घालणाऱ्याच्या, ते शिवणाऱ्याला आधी कळतं.

हेच घालणाऱ्याचं म्हणणं एका गोष्टीत फार गोड आलंय. 2014 ची नवी मिझ मार्व्हल म्हणजे कमला खान, जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली सोळा वर्षांची मुलगी, जी स्वतःच कॅरोलची फॅन आहे. तिला रूप बदलायची शक्ती मिळते आणि ती पहिल्यांदा होते कोण, तर गोरी, सोनेरी केसांची कॅरोल, जुन्या काळ्या पोशाखातली. आणि लगेच तिच्या लक्षात येतं की बूट टोचतायत आणि चड्डी नको तिथे रुततेय. पुढे ती स्वतःच्या बुर्किनीला कापून रंगवून आपला ड्रेस करते. लेखिका जी. विलो विल्सनने भाषण काही दिलं नाही, फॅनलाच तो ड्रेस घालायला लावला.

सुपरगर्लचं थोडक्यात सांगते. सोळा वर्षांची, आखूड स्कर्ट, आणि उडते. खाली माणसं उभी असतात. चित्रकार जमाल इगलने 2009 च्या आसपास स्कर्टच्या आत शॉर्ट्स काढायला सुरुवात केली, शाळेतल्या कुठल्याही खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या आईला जे सुचेल ते, आणि तरी काही लोकांनी त्याला सेन्सॉर म्हटलं. इथे मला दुसरी बाजू दिसतच नाही.

पण पॉवर गर्लच्या बाबतीत मी स्वतःच डळमळते. तिच्या पांढऱ्या ड्रेसला छातीवर गोल खिडकी आहे, आणि ती खिडकी कशासाठी आहे हे लहान मूलही सांगेल. 2005 च्या एका अंकात तिला कारण दिलं गेलं, की सुपरमॅनसारखं चिन्ह तिथे लावायचं होतं पण माझं चिन्ह काय ते मला सुचलंच नाही, जागा रिकामी राहिली. लेखकाने नंतर चिकटवलेली सारवासारव आहे ही, मान्य, पण ती वाचून गळ्यात काहीतरी येतं. मग अमांडा कॉनर या चित्रकर्तीने 2009 पासून तिला असं काढलं, धिप्पाड, हसरी, स्वतःच्या अंगात मजेत असलेली, की बायका तिच्या फॅन झाल्या. 2012 मध्ये खिडकी बंद केली, वर एक अक्षर लावलं, तर खिडकी परत द्या म्हणणाऱ्यांत त्या बायकाही होत्या, आणि नंतर ती परत आलीही. एखादीला सैल कपड्यात मोकळं वाटतं, एखादीला कमी कपड्यात, हे जिवंत बायकांना लागू आहे तसं कागदावरच्यांनाही असावं, फक्त कागदावरची स्वतः बोलत नाही, तिच्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोलतं, तिथे सगळी गोची आहे.

आणि "सेन्सॉर" हा शब्द एवढ्या पटकन का येतो त्यालाही इतिहास आहे. 1954 मध्ये डॉ. फ्रेडरिक वर्थॅम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे पोरं बिघडतात असा धुरळा उडवला, सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, आणि घाबरून प्रकाशकांनी स्वतःच नियमावली केली. त्यात बायकांना समाजमान्य कपड्यात आणि शरीराचा कुठलाही भाग वाढवून न दाखवता काढा असंही कलम होतं. फँटम लेडी नावाच्या हिरोइनला रातोरात जास्त कपडे चढवले. ऐकायला बरं वाटतं, पण त्याच नियमांनी कॉमिक्समधलं मोठ्यांसाठीचं जवळपास सगळंच मारलं, कितीतरी प्रकाशक बुडाले. डीसीने त्या नियमावलीचा कव्हरवरचा मंजुरीचा शिक्का वापरणं थांबवलं तेच 2011 मध्ये. त्यामुळे वरून आलेली कुठलीही "सभ्य" सूचना म्हातारे फॅन त्या कानांनी ऐकतात. आजच्या एखाद्या मुलीची तक्रार आणि 1954 चा तो शिक्का एक नाहीत, तिला बंदी नकोय, तिला चांगलं चित्र हवंय, पण समोरच्याला ते ऐकू येत नाही.

कपड्यांच्या आड दुसराच राग असतो याचा सगळ्यात ठळक नमुना कॉमिक्सच्या बाहेर घडला. 2016 च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रसंघाने वंडर वूमनला स्त्रिया आणि मुलींच्या सक्षमीकरणाची मानद राजदूत केलं, पंचाहत्तरीनिमित्त, लिंडा कार्टर आणि सिनेमातली वंडर वूमन गाल गडोट दोघी आल्या होत्या. आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांनी समारंभात पाठ फिरवून मूक निषेध केला. विरोधाच्या अर्जावर जवळजवळ 45,000 सह्या झाल्या, त्यात तिच्या उघड्या मांड्या, अशक्य बांधा, झेंड्याचे रंग सगळं काढलं होतं. डिसेंबरात तिचं पद संपलं. फॅन्स चिडले, की बघा, बाईला कपड्यांवरून नाकारलं, आणि तेही सक्षमीकरणाच्या नावाखाली! पण थोडं मागे जाऊन बघा, त्याच महिन्यात संघटनेचा नवा सरचिटणीस निवडला होता. तेरा उमेदवारांत सात बायका होत्या, आता तरी बाई येईल म्हणून केवढा जोर लावला होता लोकांनी, आणि निवडून आले अँतोनियो गुतेरेस. खऱ्या बाईला खुर्ची नाही आणि कागदी बाईला राजदूतपद. मग राग चड्डीवर निघाला, कारण ती समोर होती.

सिनेमावाल्यांनी मधला रस्ता काढला तो पँटमधून नाहीच गेला. 2017 च्या वंडर वूमनमध्ये तिच्या अंगावर चिलखत होतं आणि खाली ग्रीक सैनिकांच्या चामडी पट्ट्यांचा स्कर्ट, मांड्या उघड्याच, पण कुणी फारसं कुरकुरलं नाही, कारण ती लढाईला निघालीये हे दिसत होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसऱ्या सिनेमात त्याच बेटावरच्या काही बायका चामड्याच्या बिकिनीत दिसल्या, पोट उघडं, तर लगेच दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून लोक विचारायला लागले की तलवार नेमकी पोटातच घुसते ना, मग हे कुणी ठरवलं. कॉमिक्समध्येही 2016 पासून तिला तसाच स्कर्ट आला. आता फॅन्स त्या पट्ट्या किती लांब असाव्यात यावर भांडतात.

पीटरने 1941 मध्ये स्कर्टच काढला होता, गुडघ्याच्या जरा वर.